मुळेच्या जलाशयावर गळ आणि होडी

आमच्या घरीं मासा शिजत नाहीं, आणि या मासिकाच्या पुष्कळ वाचकांच्या घरींही शिजत नसेल. तेव्हां गळ, आमिष आणि होडी यांची हकीकत या पानांतून कशासाठीं, असें एखाद्या सुज्ञ गृहिणीनें विचारलें तर तिचा प्रश्न रास्त आहे. आमच्या घरींही तो विचारला गेला. आमच्या धाकट्या बंधूंचा नातू, वय वर्षें पंधरा, नाताळच्या सुटींत पुण्याहून नगरास आला, तो बरोबर एक घडीची काठी आणि तिला जोडावयाचें दोरा गुंडाळण्याचें चक्र घेऊनच. मोठ्या तळ्यावर लहान होडींतून जावयाचें आणि जिवंत आमिष लावून मासा धरावयाचा, हा एकच ध्यास त्यानें घेतला होता. थोरल्या वहिनींनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "खायचा नाहीं तो धरायचा कशाला? आणि ज्याला गळाला टोंचणार, त्यानें तुझें काय केलें?" मुलापाशीं उत्तर नव्हतें. मात्र त्यास एकट्यास पाण्यावर जाऊं द्यावयाचें नाहीं एवढें सर्वांचें एकमत झालें, आणि सेवानिवृत्त मनुष्यास दुसरें काम काय, या न्यायानें सोबतीस आमची नेमणूक झाली.

नगरहून मनमाडच्या रस्त्यानें सुमारें पस्तीस किलोमीटरवर राहुरी लागते. १९६८ सालीं स्थापन झालेलें महात्मा फुले कृषि विद्यापीठ येथलेंच. जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे. आमच्या तोंडीं मात्र 'नगर' बसलें आहे तें बसलेंच. मुळा नदी अकोले तालुक्यांत हरिश्चंद्रगडाच्या अंगावरून उतरते, कोतुळावरून पूर्वेस वाहत येते आणि राहुरी तालुक्यांत बारागांव नांदूरजवळ तिला मातीचें थोरलें धरण घालून अडविलें आहे. या जलाशयास ज्ञानेश्वरसागर म्हणतात. सांठवण सव्वीस हजार दशलक्ष घनफूट. नगर शहराची तहान हेंच पाणी भागवितें, आणि कालव्यांनीं राहुरी, नेवासें, शेवगांव, पाथर्डीकडे जातें. नेवासें येथें १२९० सालीं ज्ञानदेवांनीं गीतेवरील टीका सांगितली. तेव्हां नांव ठेवणारानें नुसता उपचार केला नाहीं, असें आम्हांस वाटतें.

भिंतीवरून पाहिलें म्हणजे हा सागर एकसारखा, निळा आणि काहींसा उदास दिसतो. भोंवतालचे डोंगर उघडे, पिवळ्या गवताचे. सहलीचे लोक भिंतीपाशीं येतात, दोन घटका उभे राहतात आणि परततात. भिंतीच्या व दरवाजांच्या आसपास गळ टाकण्याची गोष्टच नको. आम्हांस जावयाचें होतें तें वरच्या अंगास, जेथें पाण्याचे लांब लांब हात जुन्या ओढ्यांच्या खोऱ्यांतून आंत शिरले आहेत. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तेथील एका भोई गृहस्थाशीं ओळख करून दिली होती. वय आमच्याच बरोबरीचें, साठीपलीकडचें. ते आम्हांस 'गुर्जी' म्हणत. आम्ही त्यांस दादा म्हणूं लागलों.

नातवानें मोठ्या उत्साहानें आपली काठी उघडून दाखविली. दादांनीं ती हातांत घेऊन वांकवून पाहिली, आणि होडीच्या तळाशीं नीट आडवी ठेवून दिली. "काठी चांगली हाय, बाळा. पर खाली काय हाय त्ये काठीला ठावं न्हाई. आधी खालचं बगू." मग तास-दीड तास गळाचें नांवही निघालें नाहीं. हात हात अंतरावर गांठी मारलेल्या दोरीला त्यांनीं एक दगड बांधला होता. तो सोडावा, गांठी मोजाव्या, पुढें जावें, पुन्हां सोडावा. एके ठिकाणीं आठ गांठी, दहा पावलें पुढें एकदम सतरा. "हितं वढा व्हता," दादा म्हणाले. आणि तो ओढा पुन्हां सांपडावा कसा? पाण्यावर खूण करतां येत नाहीं. त्यासाठीं कांठावरच्या दोन वस्तु धरावयाच्या, एक जवळची आणि एक दूरची. एकटा उभा असलेला लिंब आणि त्याच्या मागच्या टेकडीचें टोंक एका रेघेंत आलें, आणि त्याच वेळीं दुसऱ्या बाजूस विजेचा खांब देवळाच्या आड गेला, कीं होडी नेमकी ओढ्यावर. दोन रेघा जेथें एकमेकींस छेदतात तेथें बिंदु निश्चित होतो, हें भूमितीचें तत्त्व आम्हीं तीस वर्षें फळ्यावर शिकविलें. त्याचा असा उपयोग पाहण्याचा योग मात्र आतां आला.

ओढ्याचें एवढें माहात्म्य कशाला? तर शिकारी मासा उघड्या सपाटीवर राहत नाहीं. बुडालेल्या बाभळींच्या खुंटांत, जुन्या बांधांच्या दगडांत लहान मासे आसरा धरतात, आणि मोठा मासा त्या आसऱ्याच्या कडेस, खोल पाण्याच्या उंबरठ्यावर टपून असतो. पहाटे व सायंकाळीं तो उथळाकडे चढतो, ऊन वर आलें कीं उतरतो. ज्याला खालचा उंचसखलपणा माहीत नाहीं, त्यानें कितीही भारी सामान आणलें तरी तो आंधळ्यासारखा पाणी चाळीत राहणार. दादांस तो माहीत होता, कारण तेथली जमीन त्यांनीं कोरडी पाहिली होती. एका जागीं वल्हें थांबवून ते म्हणाले, "ह्या हिरीचं पानी प्यालोय मी, गुर्जी. चुलत्याची हीर." आम्हीं खालीं पाहिलें. हिरवट काळोखाशिवाय कांहीं दिसलें नाहीं. धरणानें ज्यांस पाणी दिलें त्यांची नांवें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलीं सांपडतात. ज्यांनीं जमीन दिली त्यांचा नकाशा असा कोणाकोणाच्या डोक्यांत उरला आहे.

आतां होडीविषयीं. दादांची होडी पत्र्याची, सपाट बुडाची, दहाबारा फूट लांब. दोन प्रौढ व एक मूल इतकाच तिचा भार. याहूनही स्वस्त साधन म्हणजे थर्माकोलचा जाड ठोकळा. त्यावर मांडी घालून, हातांत लहानसें वल्हें घेऊन, भिल्ल आणि भोई तरुण पहाटेच्या अंधारांत जाळीं टाकावयास एकेकटे जातात. पाहणाराच्या पोटांत गोळा येतो. त्यांच्या पोटाचा तो प्रश्न आहे; हौशी माणसानें त्यांचें अनुकरण कदापि करूं नये. होडींत उभें राहूं नये. एकानें बाजूस वांकून हात पाण्यांत घातला कीं दुसऱ्यानें उलट बाजूस सरकावें. नांगराचा दगड नेहमीं पुढच्या टोंकास बांधावा. बाजूस किंवा मागें बांधल्यास वारा सुटतांच होडी लाटेला तोंड देण्याऐवजीं कूस देते, आणि पाणी आंत येतें. दुपारनंतरचा वारा, विशेषतः वैशाख-ज्येष्ठांतला, हा या पठारावरच्या सर्व जलाशयांचा वैरी. २०२४ सालच्या मे महिन्याच्या २१ तारखेस उजनीच्या जलाशयांत कुगांवहून कळाशीस निघालेली प्रवासी होडी सायंकाळच्या वादळी वाऱ्यांत उलटली आणि सहा माणसें गेलीं. त्यानंतर दोनच दिवसांनीं, आमच्याच जिल्ह्यांत सुगांव येथें प्रवरेंत बुडालेल्यांचा शोध घेणारी राज्य आपत्ति प्रतिसाद दलाची होडी उलटून दलाचे तीन जवान मरण पावले. त्याच कामाचें शिक्षण घेतलेले लोक ते. म्हणून तरंगतें जाकीट अंगांत घातल्यावांचून होडींत पाय ठेवावयाचा नाहीं, अशी आमची पहिली आज्ञा होती. ती आम्हांसही पाळावी लागली. धोतरावर तें जाकीट कसें दिसलें याचें वर्णन येथें करीत नाहीं.

जिवंत आमिष कोणासाठीं, हें आधीं ठरवावें लागतें. रोहू, कटला, मृगळ हे मासे कणकेच्या किंवा पेंडीच्या गोळ्यावर येतात. त्यांच्यासाठीं कोणाचा जीव टांगण्याचें कारणच नाहीं. शिवाय त्यांचीं पिलें मच्छिमार संस्था पाण्यांत सोडते, तेव्हां ते संस्थेचें धन. जलाशयांतील मासेमारीचा ठेका शासन सहकारी संस्थांस देत असतें. हौशी माणसानें गळ सोडण्यापूर्वीं त्यांची अनुमति घ्यावी हें उघड आहे, आणि तरीही पुष्कळ जण घेत नाहींत हेंही उघड आहे. जिवंत आमिषावर येणारे ते शिकारी : मरळ, शिवडा, शिंगाळा, आणि तळच्या चिखलांत वावरणारी वाम. वामीला गांडूळ पुरे होतें. मरळीसाठीं बेडूक लावण्याची जुनी रीत आहे, परंतु मोठा हिरवा बेडूक आतां कायद्यानें संरक्षित आहे, आणि लहान मासा असतांना त्याची गरजही नाहीं.

या नांवांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. कर्नल साइक्स नांवाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यानें दख्खनच्या माशांचें वर्णन १८३९ सालीं प्रसिद्ध केलें. नवीन जातींस शास्त्रीय नांवें देतांना त्यानें येथील कोळ्याभोयांच्या तोंडचे शब्दच लॅटिनच्या पंक्तीस बसविले. शिंगाळ्याचें 'सीनघाला' झालें, शिंगटीचें 'सीनग्टी', खडशीचें 'खुद्री', अळकुटीचें 'अलकूटी'. आजही जगांतले मत्स्यशास्त्रज्ञ हे मराठी शब्द उच्चारतात, आणि ते मराठी आहेत हें त्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

आमिषासाठीं दादांनीं लहान लहान चिलापी धरून ठेवल्या होत्या, चार बोटें लांबीच्या. चिलापी ही मूळची आफ्रिकेंतली, भारतांत १९५२ सालीं आणलेली, आणि आतां घरच्या माशांस जागा उरूं न देणारी. आमिष त्याच पाण्यांतलें असावें, एका तळ्यांतलें दुसऱ्यांत नेऊन सोडूं नये, हा नियम फार महत्त्वाचा आहे. परका मासा एकदां शिरला कीं बाहेर काढतां येत नाहीं. थाई मागुरावर तर २००० सालापासून सरकारची बंदीच आहे. चिलापी एका रुंद तोंडाच्या भांड्यांत, वर ओलें फडकें टाकून ठेवल्या होत्या, आणि दर अर्ध्या घटकेस दादा त्यांतलें पाणी बदलीत. गर्दी केली तर त्या घुसमटतात. धरण्यापूर्वीं हात ओला करावयाचा. कोरड्या हातानें अंगावरचा बुळबुळीत लेप निघून जातो आणि मासा लौकर मरतो. होडी एका जागीं उभी असेल तर गळ पाठीवरच्या पराच्या मुळाशीं, मणक्याला न लागतां, वरच्या मांसांतून घालावा. होडी सावकाश चालती असेल तर दोन्ही ओठांतून. दोरा तंगुसाचा, पण शिवड्याच्या दांतांपुढें तो टिकत नाहीं, म्हणून शेवटची वीतभर पोलादी बारीक तार. वर थर्माकोलचा तुकडा तरंगावयास. पूर्वीं पांगाऱ्याचें हलकें लांकूड वापरीत. आमिष तळापासून हातभर वर पोहत राहील इतका दोरा सोडावा. दगडाच्या दोरीवरील गांठी येथें कामास येतात.

नातवाला हें सारें शास्त्र परदेशचें वाटत होतें. तेव्हां आम्हांस आमची पुस्तकी शिदोरी सोडावी लागली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर बाराव्या शतकाच्या दुसऱ्या पादांत राज्य करीत होता. त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत राजाच्या अनेक विनोदांबरोबर मत्स्यविनोद म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती कोणत्या, समुद्रांतले कोणते व नदींतले कोणते, कोणास कोणतें खाद्य रुचतें, दोरी कशाची, काठी कशी, गळ कसा, हें सर्व तेथें श्लोकबद्ध केलेलें आहे. इंग्रजांचा लाडका गळकरी ग्रंथकार आयझॅक वॉल्टन याचें पुस्तक १६५३ सालचें; म्हणजे आमचा सोमेश्वर त्याहून पांचशें वर्षांनीं वडील. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ सालापासून हा ग्रंथ छापून निघूं लागला. संपादक श्रीगोंदेकर, आडनांव पाहून आमच्या जिल्ह्यास थोडा अभिमान वाटून घेण्यास हरकत नसावी. पुढें १९५१ सालीं सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनीं त्या प्रकरणाची इंग्रजींत ओळख करून दिली. हें सर्व होडींत बसून सांगतांना आमचा आवाज किंचित् वर्गांतल्यासारखा झाला असावा. दादांनीं वल्हें थांबविलें. "राजा सोता बसायचा व्हय गळ घिऊन?" बसत असावा, आम्ही म्हणालों. "मंग त्येला काम न्हवतं," असें म्हणून ते पुन्हां वल्हवूं लागले.

पहिली चिलापी गळाला लावण्याची वेळ आली तेव्हां मुलाचा हात थांबला. ती त्याच्या ओल्या मुठींत धडपडत होती. वहिनींचा प्रश्न आम्हां दोघांसही त्या क्षणीं आठवला. या बाबतींत अहिंसेवर दोन वाक्यें बोलून मोकळें होणें सोपें आहे. परंतु ज्याच्या होडींत आपण बसलों आहों त्याची चूल याच पाण्यावर पेटते, हें दृष्टीआड करून बोलणें सभ्यपणाचें नव्हे. उलट, सर्वच चालतें म्हणून सोडून देणेंही बरें नव्हे. जर्मनींत जिवंत मासा गळाला लावण्यास प्राणिरक्षणाच्या कायद्यान्वयें सामान्यतः मनाई आहे. आयर्लंडांतही गोड्या पाण्यांत तें चालत नाहीं. मासे खाणारे, मासे धरणारे असे ते देश आहेत, आणि त्यांनीं ही रेघ ओढली. आम्हीं दादांस विचारलें कीं मेलेलें आमिष चालणार नाहीं काय? ते म्हणाले, शिंगाळा आणि वाम वासावर येतात, त्यांस चालतें. मरळीला हललेलें दिसावें लागतें. मग त्या दिवशीं मेलेलें आमिष व गांडूळ यांवरच सुरुवात करावयाची असें आम्हीं ठरविलें. नवशिक्याला दोरा सोडणें, खोली धरणें, होडी न हलवितां बसणें हें सर्व त्यांवरच शिकतां येतें, आणि हात बसण्यापूर्वीं दहा जीव फुकट जात नाहींत. मुलानें मूठ उघडून चिलापी भांड्यांत सोडली. तो नाराज झाला नाहीं. उलट त्याच्या खांद्यावरचें ओझें उतरलेलें दिसलें.

दोन प्रहरापर्यंत एक शिंगटी लागली आणि एक वाम सुटली. शिंगटीच्या परांतले कांटे हातांत शिरतात; जाड फडक्यानें धरल्याशिवाय तिला शिवूं नये. दुसऱ्या दिवशीं पहाटे मात्र उथळांतल्या पाणगवताच्या कडेस दादांनीं एकच जिवंत चिलापी स्वतः लावली आणि दोरा मुलाच्या हातांत दिला. धुकें पाण्यावर होतें. वर येऊन हवेचा घोट घेणाऱ्या मरळीचा 'बुळ्ळ' असा आवाज मधूनमधून येई. ती कल्ल्यांखेरीज हवेंतूनही श्वास घेते, आणि म्हणूनच आपला ठावठिकाणा सांगून बसते. तरंगता तुकडा थरथरे, तो चिलापीच्या हालचालीनें. मग तो एकदम स्थिर झाला, तिरपा झाला, आणि सावकाश गवतापासून दूर जाऊं लागला. मुलानें काठी उचलण्यासाठीं मनगट ताणलें. "थांब," दादा म्हणाले. मरळ आधीं आमिष आडवें धरते, मग फिरवून डोक्याकडून गिळते. पहिल्याच ओढीला हिसका दिला तर तें तिच्या तोंडांतून निसटतें. परंतु फार थांबलें तर गळ पोटांत जातो, आणि मग मासा सोडावयाचा असला तरी वांचत नाहीं. या दोहोंमधला क्षण कोणता, हें पुस्तकांत लिहितां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. दादांनीं हातभर दोरा जाऊं दिला आणि नुसती मान हलविली.

मरळ दीडदोन किलोची असावी. तिला हातजाळ्यांत घेईपर्यंत होडींतल्या तिघांचेही श्वास जागेवर नव्हते. ती दादांच्या घरीं गेली. वहिनींच्या पहिल्या प्रश्नास आमचें उत्तर असें कीं खाणारें घर ठरल्याशिवाय मासा धरूंच नये. आणि धरावयाचा तो एक, मोजदादीसाठीं दहा नव्हेत. दादांचेही स्वतःचे कांहीं निर्बंध आहेत, कोणी न सांगतां पाळलेले. पावसाळ्यांत मरळीचीं तांबूस पिलें पाण्याच्या पृष्ठावर गोळा होऊन फिरतात आणि खालून आईबाप राखण करीत असतात. अशा ठिकाणीं ते गळ सोडीत नाहींत, कारण राखण करणारा मासा भुकेनें नव्हे, रागानें तोंड घालतो, आणि तो गेला कीं सगळीं पिलें इतरांच्या पोटांत जातात. शिवडा आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादींत 'असुरक्षित' म्हणून नोंदला गेला आहे हें आम्हीं सांगितलें तेव्हां त्यांस आश्चर्य वाटलें नाहीं. "लहानपनी मानसायेवढा यायचा," ते म्हणाले, "आता हातायेवढा आला तरी लोक फोटो काढत्यात."

परततांना वल्हें मुलाच्या हातीं होतें. काठी त्यानें घडी करून ठेवली होती. लिंब, टेकडी, खांब आणि देऊळ यांच्या रेघा वहींत काढून घेण्यांतच त्याचा वेळ गेला. चुलत्याच्या विहिरीवरून जातांना त्यानें दगड सोडून गांठी मोजल्या : चौदा. पाणी फार उतरलें तर ती वर येते, असें दादा म्हणाले; कांठाचे चिरे अजून शाबूत आहेत, वळवाचा वारा सुटण्यापूर्वीं, सकाळच्या प्रहरीं आलांत तर दाखवितों.